अपाय तर नाही ना?

शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी पिशवीतून एक डबा काढला आणि माझ्या हातात ठेवला. जनावरांच्या दवाखान्यात आमची गाठ पडते ती एकाच कारणाने. त्यांच्या बोक्याला दर आठवड्याला शिरेतून इंजेक्शन असतं, माझ्या ठमीला दिवसाआड एक गोळी. दोघांनाही लिम्फोमा आहे; त्याचा जलद वाढणारा, तिचा सावकाश. डब्यावर झेप घेणारं मांजर, आणि खाली ठळक अक्षरांत: केमोथेरपी चालू असलेल्या मांजरांची प्रतिकारशक्ती वाढवणारं शंभर टक्के नैसर्गिक पूरक. आत अकरा वनस्पती, दोन प्रकारची अळंबी, तीन जीवनसत्त्वं. "तुम्हीही सुरू करा," बाई म्हणाल्या. "गुण आला तर आला. अपाय तर नाही ना?"

बाईंशी माझं भांडण नाही. आजारी जनावर घरात असलं की हात रिकामे राहिलेले सहन होत नाहीत, हे मी पहिल्या महिन्यात पुरेपूर भोगलं आहे. भांडण आहे ते त्या शेवटच्या चार शब्दांशी. ते उच्चारले की पुरावा मागायची सोयच उरत नाही. आणि मांजराच्या बाबतीत, त्यातही केमो चालू असलेल्या मांजराच्या बाबतीत, ते बहुतेक वेळा खोटे असतात.

आधी त्या डब्याच्या मुख्य शब्दाकडे पाहू. प्रतिकारशक्ती. कोणाची, कोणाविरुद्ध?

लिम्फोसाइट ही रक्तातली एक पांढरी पेशी. शरीराच्या संरक्षणाची बरीच भिस्त तिच्यावर. या पेशी बेलगाम वाढू लागल्या की त्याला लिम्फोमा म्हणतात. मांजरांत सर्वांत जास्त आढळणाऱ्या कर्करोगांपैकी हा एक. म्हणजे इथे शत्रू बाहेरून आलेला नाही, पहारेकऱ्यांचीच एक तुकडी उलटली आहे. ठमीच्या आतड्याच्या भिंतीत याच पेशी दाटल्या होत्या. सोनोग्राफीत भिंत जाड दिसली, बायोप्सीने नाव सांगितलं. या सावकाश वाढणाऱ्या प्रकारावर क्लोरॅम्ब्युसिल आणि प्रेडनिसोलोन ही जोडी देतात, बहुतेक मांजरं तिला चांगली दाद देतात आणि पुष्कळदा दोन वर्षांच्या आसपास बरी जगतात. त्यातलं प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड लिम्फोसाइट मारतं, म्हणून तर ते द्यायचं. आता सकाळी लिम्फोसाइट मारणारी गोळी आणि रात्री लिम्फोसाइटना बळ देणारं चूर्ण, या दिनक्रमाला काय म्हणावं? चूर्ण दाव्याप्रमाणे काम करत असेल तर ते उपचाराच्या मुळावर उठलं आहे. करत नसेल तर आपण महिन्याला दीड हजार रुपये आणि मांजराचा विश्वास घालवतो आहोत. डब्याच्या बाजूने तिसरी शक्यता मला तरी सापडलेली नाही.

यावर विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं असतं: अहो, केमोमुळे पांढऱ्या पेशी कमी होतात ना, त्या वाढवायच्या. बरोबर, कमी होतात. पण त्या मुख्यतः न्यूट्रोफिल, जिवाणूंशी लढणाऱ्या. औषधाने अस्थिमज्जेतलं त्यांचं उत्पादन मंदावतं, आणि साधारण आठवडाभराने रक्तातली संख्या तळ गाठते. म्हणून पुढच्या मात्रेआधी रक्त तपासतात. न्यूट्रोफिल मायक्रोलिटरमागे दीड-दोन हजारांच्या खाली दिसले की डॉक्टर औषध पुढे ढकलतात, हजाराच्या खाली गेले की बहुतेकदा अँटिबायोटिक सुरू करतात. काही दिवसांत मज्जा पुन्हा कामाला लागते आणि संख्या आपोआप वर येते. ही आपोआप वर येणारी संख्या हेच पूरक विकणाऱ्यांचं सगळ्यात मोठं भांडवल. चूर्ण सुरू केलं आणि आठवड्यात रिपोर्ट सुधारला! सुधारणारच होता. उंदराला मांजर साक्ष म्हणतात, तसा हा चूर्णाला अस्थिमज्जेचा दाखला.

न्यूट्रोफिल खरोखर वाढवणारं औषध जगात आहे, हेही सांगून टाकते. फिलग्रास्टिम नावाचं इंजेक्शन. माणसांत ते सर्रास वापरतात. मांजरांत हात आखडता घेतात, कारण ते मानवी प्रथिन आहे आणि काही आठवड्यांत मांजराचं शरीर त्याच्याविरुद्धच प्रतिपिंडं तयार करू लागतं. ज्या औषधाचा परिणाम रक्तचाचणीत आकड्याने दिसतो, तेही डॉक्टर इतकं जपून वापरतात. अकरा वनस्पतींच्या चूर्णाला मात्र चमच्याने माप.

डब्यासोबतच्या पत्रकात केमोचं वर्णन असं की वाचूनच घाम फुटावा: "शरीर आतून पोखरणारी रसायनं". हे चित्र माणसांच्या वॉर्डातून उचललेलं आहे. मांजरांना आणि कुत्र्यांना मात्रा मुद्दाम हलकी देतात, कारण हेतू उरलेले दिवस चांगले जावेत हा असतो. बहुतेक मांजरं अंगावरचे केससुद्धा गमावत नाहीत. मिशा मात्र गळतात. ठमीच्या डाव्या बाजूच्या तीन गेल्या, त्या मी एका डबीत ठेवल्या आहेत. (हसायचं तर हसा.)

आता "नैसर्गिक" या शब्दाचा समाचार. त्या बोक्याला दर आठवड्याला जे इंजेक्शन मिळतं ते व्हिन्क्रिस्टिन. ते येतं सदाफुलीतून. आपल्याकडे कुंपणाच्या कडेला, गच्चीवरच्या फुटक्या कुंडीत, कुणी पाणी घालो न घालो, बारा महिने गुलाबी-पांढरी फुलणारी ती सदाफुली. त्याच उपचारक्रमातलं डॉक्सोरुबिसिन हे इटलीतल्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूच्या कुळातलं. म्हणजे ज्याला पत्रक "रसायनं" म्हणून नाक मुरडतं, तेही निसर्गातूनच आलेलं. फरक आहे मापाचा. चार किलोच्या मांजराला व्हिन्क्रिस्टिन लागतं एका मिलिग्रॅमच्या सहाव्या-सातव्या भागाएवढं; तेही शिरेतूनच, शिरेबाहेर थेंब सांडला तर तिथलं मांस सडतं. सदाफुलीची पानं वाटून बोक्याला चाटवा असं कोणी सुचवलं तर याच बाई त्याला दारात उभं करणार नाहीत. मग डब्यातल्या वनस्पतींना ही सूट का? त्यांत काही गुण असेल तर त्याला मात्रा असणार, आणि मात्रा असेल तिथे जास्त मात्राही असणार. गुणच नसेल तर बोलणं खुंटलं.

पण माझा खरा आक्षेप याहून खाली, बरगड्यांच्या आत आहे. मांजराच्या यकृतात.

मांजर म्हणजे लहान आकाराचा माणूस नव्हे, आणि लहान आकाराचा कुत्राही नव्हे. हजारो पिढ्या फक्त मांस खाऊन जगलेल्या या प्राण्याला झाडपाल्यातली विषं निकामी करायची गरज पडली नाही, आणि ती यंत्रणा त्याच्या शरीराने हळूहळू मोडीत काढली. आपलं यकृत अनेक औषधांना आणि वनस्पतींतल्या द्रव्यांना ग्लुकुरोनिक आम्ल जोडून पाण्यात विरघळतं करतं आणि बाहेर टाकतं. या कामाचं एक महत्त्वाचं जनुक मांजरात निकामी अवस्थेत पडलेलं आहे. म्हणूनच आपण डोकं दुखलं की चहाबरोबर घेतो ती पॅरासिटॅमॉलची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते. त्यातून मांजराचं हिमोग्लोबिनही नाजूक. कांदा-लसणातल्या गंधकाच्या संयुगांनी तांबड्या पेशी फुटतात आणि रक्त उतरतं. "प्रतिकारशक्तीसाठी लसूण" ही आपल्या आजीची शिकवण मांजराच्या ताटलीत विष ठरते. आणि हे मांजर आधीच केमोने थोडं फिकुटलेलं असतं.

अल्फा लिपोइक आम्लाचं उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं. माणसांसाठी ते अँटिऑक्सिडंट म्हणून औषधाच्या दुकानात राजरोस मिळतं, तीनशे किंवा सहाशे मिलिग्रॅमच्या गोळीत. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की मांजरांना ते इतर प्राण्यांच्या साधारण दसपट विषारी आहे. किलोमागे तीस मिलिग्रॅम एवढ्या मात्रेलाच यकृताच्या पेशींना इजा झाली. चार किलोच्या मांजराचं गणित तुम्हीच करा. एका गोळीचा अर्धा तुकडाही जास्त होतो. "अपाय तर नाही ना" म्हणणाऱ्या घरात ही गोळी बहुधा कपाटात असते.

जीवनसत्त्वांची यादी पाहिली की पत्रक लिहिणाऱ्याने मांजर जवळून पाहिलं आहे का, अशी शंका येते. सी जीवनसत्त्वासाठी आवळा. माणसाला ते बाहेरून लागतं. मांजर ते स्वतःच्या यकृतात रोज बनवतं. बीटा कॅरोटिनसाठी गाजर. बीटा कॅरोटिनपासून ए जीवनसत्त्व बनवणं मांजराला जमतच नाही, त्याला ते तयार, मांसातूनच हवं. जवसातून ओमेगा तीन. तेही मांजराचं शरीर उपयोगी रूपात फारसं बदलू शकत नाही. ही यादी माणसाच्या पूरकाची आहे, वर मांजराचं चित्र चिकटवलं आहे, इतकंच. बरं, माणसाला तरी याचा काय उपयोग झाला? फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचा निकाल १९९४ साली आला. बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. कमी होईल म्हणून दिलं होतं! दोन नोबेल पारितोषिकं मिळवणाऱ्या लायनस पॉलिंगनी सी जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने कर्करोगाचे रुग्ण जास्त जगतात असं सत्तरच्या दशकात सांगितलं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९७९ आणि १९८५ मध्ये तोंडाने ती मात्रा देऊन नीट चाचण्या घेतल्या, काही फायदा दिसला नाही. नोबेलविजेत्याचीही समजूत चाचणीत टिकली नाही, तिथे डब्यावरच्या नक्षीदार अक्षरांचं काय घेऊन बसलात?

डब्यावर फोन नंबर होता. मी लावला. विचारलं, हे किती मांजरांना देऊन पाहिलं, कोणत्या केमोबरोबर, सातव्या दिवशी न्यूट्रोफिल किती होते? पलीकडचा मुलगा सभ्य होता. "मॅडम, फीडबॅक एकदम पॉझिटिव्ह आहे, फोटो पाठवतो." संध्याकाळी फोटो आला. लॅब्राडॉर होता.

आणि यात त्या मुलाची एकट्याची चूक नाही, या बाजाराचा पायाच कुत्र्यांवर उभा आहे. अळंबीच्या नावाने जो पुरावा दाखवतात तो २०१२ सालचा, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला. प्लीहेचा हिमँजिओसार्कोमा झालेल्या १५ कुत्र्यांना टर्की टेल या अळंबीपासून काढलेलं द्रव्य दिलं. सर्वांत मोठी मात्रा मिळालेले कुत्रे अपेक्षेपेक्षा जास्त दिवस जगले. पंधरा कुत्रे, तीन मात्रांत वाटलेले, आणि शेजारी तुलनेला औषध न दिलेला गट नाही. संशोधकांनी ती सुरुवात म्हणून मांडली होती, ते रास्तच. पुढे त्याच द्रव्याची मोठी चाचणी झाली, तेव्हा केमोच्या जोडीला ते दिल्याने आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. पण डबे पहिल्या चाचणीवर छापले गेले ते छापले गेले. दुसरीची बातमी छापखान्यापर्यंत पोचत नाही.

खास मांजरांसाठीच वापरलेल्या पूरकाची गोष्ट हवी असेल तर लायसीनची घ्या. मांजरांच्या हर्पीसवर हे अमिनो आम्ल वर्षानुवर्षं जगभर दिलं गेलं, डॉक्टरांनीही दिलं, "अपाय तर नाही ना" म्हणतच. २०१५ साली सगळे अभ्यास एकत्र तपासले गेले तेव्हा निष्कर्ष निघाला की त्याचा उपयोग नाही, द्यायचं थांबवा. काही अभ्यासांत तर लायसीन घेणाऱ्या मांजरांचा आजार उलट बळावला होता. लायसीनने अर्जिनिनची पातळी खाली ओढली जाण्याची भीती असते, आणि अर्जिनिनवाचून मांजराचं एक जेवणही निभत नाही. एकाच अर्जिनिनविरहित जेवणानंतर रक्तात अमोनिया चढून काही तासांत मांजरं गंभीर आजारी पडतात, हे १९७८ पासून ठाऊक आहे. या प्राण्याच्या पोटात काही टाकताना इतका हिशेब असतो.

अकरा वनस्पतींत गुळवेल पहिली होती. करोनाच्या दिवसांत आपण सगळ्यांनीच गुळवेलीचा काढा प्यायला. आमच्या सोसायटीत तर वेलीला पान उरलं नव्हतं. त्याच काळात, २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत, मुंबईतल्या यकृततज्ज्ञांना काविळीचे सहा रुग्ण सापडले, सगळे गुळवेल घेणारे. त्यांचा अहवाल २०२१ साली प्रसिद्ध झाला. यकृताला सूज आली होती ती स्वप्रतिकाराच्या, म्हणजे शरीराने स्वतःवरच उलटण्याच्या धर्तीची. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष अमान्य केला, वनस्पती ओळखण्यातच चूक असू शकते असं म्हटलं. पुढे देशभरातल्या १३ केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. गुळवेल सर्वांना बाधते असा माझा दावा नाही. पण प्रतिकारशक्ती "वाढवणं" हे गॅसची ज्योत मोठी करण्याइतकं साधं नाही, भांडंही जळू शकतं, हे मुंबईच्या माणसांत दिसलं आहे. तेच चूर्ण मी अपुऱ्या यकृताच्या, केमोवर असलेल्या, साडेतीन किलोच्या प्राण्याला द्यावं? आणि उद्या तिच्या यकृताचे आकडे चढले तर डॉक्टरांनी दोष कशाला द्यायचा? क्लोरॅम्ब्युसिलला, आजाराला, की अकरांपैकी कोणत्या वनस्पतीला? चूर्ण निरुपद्रवी निघालं तरी त्याने हे एक नुकसान केलेलंच असतं: पाणी गढूळ केलेलं असतं. मग गढूळ पाण्यात बिचारी केमोची मात्रा कमी होते.

आता तोंडाची गोष्ट. हिच्यावर बोलायला कोणी तयार नसतं, कारण ती विद्वत्तेची नाही.

केमोवरच्या मांजराचं तोंड ही फार मर्यादित वाट आहे. मळमळ असते, वास बदललेले असतात. त्या वाटेने दिवसाला काय काय जाऊ शकेल हे मोजकं असतं. त्यात कडू चूर्ण कालवलं की मांजर चूर्ण सोडत नाही, जेवण सोडतं. मळमळ असताना जे समोर आलं त्याच्याशी ती मळमळ जोडून टाकायची आणि नंतर बरं वाटल्यावरही त्या अन्नाला तोंड लावायचं नाही, ही मांजराची खोड प्रत्येक डॉक्टरला माहीत आहे. ठमीला टूना फार प्रिय. मी एका रविवारी त्यात माशाच्या तेलाची कॅप्सूल फोडली. त्यानंतर आजवर टूनाचा डबा उघडला की ती खोलीतून निघून जाते. तो घास मी घालवला, कुठल्या कंपनीने नाही.

आणि मांजराने दोन-चार दिवस जेवण सोडणं हे माणसाच्या उपासासारखं नसतं. अंगावरची चरबी यकृतात येऊन साचते आणि यकृत बंद पडू लागतं. कर्करोगाआधी तेच जीव घेऊ शकतं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात कर्करोग झालेल्या मांजरांची शरीरयष्टी आणि आयुष्य यांची तुलना केली होती. खंगलेल्या मांजरांचं मध्यक आयुष्य ३.३ महिने, अंगाने नीट असलेल्यांचं १६.७. अर्थात खंगणं हे जास्त आजाराचंही लक्षण असतं, सगळं श्रेय वजनाला देता येत नाही. तरी प्रतिकारशक्तीला आधार म्हणून ज्याच्या नावे असा आकडा दाखवता येईल असं चूर्ण मला कोणी दाखवावं. मांसाची प्रथिनं पोटात जाणं आणि टिकणं, यातूनच पेशी बनतात. त्यासाठी मळमळ थांबवणारं मॅरोपिटंट आहे, भूक लावणारं मिर्टाझापिन आहे. ही औषधं आहेत, त्यांची मात्रा ठरलेली आहे.

मी सगळ्याच पूरकांना झोडपते आहे असं वाटेल, म्हणून सांगते: ठमीलाही एक पूरक मिळतं. बी-बारा. आतड्याच्या लिम्फोमात शेवटच्या भागातून ते शोषलं जात नाही, रक्तात कमी पडतं, आणि कमी पडलं की भूक आणखी मरते. तिचं रक्त तपासलं, कमी निघालं, म्हणून दिलं, पुन्हा तपासलं. माशाच्या तेलाबद्दलही माझं मन बंद नाही, डॉक्टरांनी मात्रा सांगितली तर. कॉड लिव्हर ऑइल मात्र वेगळं, त्यात ए आणि डी असतं आणि ती दोन्ही साठून राहतात. दह्यातल्यासारख्या जिवंत जिवाणूंच्या पुड्यांचं तर विचारल्याशिवाय नकोच. न्यूट्रोफिल तळाला असताना बाहेरून जिवाणू आणून सोडायचे का, हा प्रश्न डॉक्टरांच्या अखत्यारीतला आहे. आणि "कच्चं मांस म्हणजे खरी ताकद" म्हणणाऱ्यांसाठी नागपूर फार लांब नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले, आणि संशयाचं एक बोट कोंबडीच्या मांसाकडे होतं. वाघ होते ते.

एवढं सगळं त्या दिवशी दवाखान्यात बोलायला मला सुचलं नाही. नंबर यायला वेळ होता, बोका पिंजऱ्यात टॉवेलवर डोळे मिटून बसला होता. मी डबा परत दिला आणि फक्त विचारलं, काल त्याने किती खाल्लं? बाईंना अकराही वनस्पतींची नावं पाठ होती, क्रमाने. या प्रश्नावर त्या थांबल्या आणि नवऱ्याकडे पाहू लागल्या. त्यांनी खांदे उडवले. पहिल्या महिन्यात मलाही सांगता आलं नसतं. मी पर्समधून ठमीची वही काढली, रोजचे ग्रॅम आणि दर रविवारचं वजन लिहिलेली, आणि कोरं पान फाडून त्यांना दिलं. डबा त्यांनी पिशवीत परत ठेवला. टाकला नाही, पण पेन मागून घेतलं.